परचुऱ्यांच्या गुलाबांची मृत्युनोंद

शरच्चंद्र परचुरे सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. एखाद्या गोष्टीची नोंद झाली म्हणजे ती मार्गी लागली, असा त्यांचा पक्का समज होता. त्यामुळे बहात्तर साली कोथरूडला बंगला बांधून त्यांनी पुढच्या अंगणात गुलाब लावायचं ठरवलं, तेव्हा रोपांच्या आधी वही आली. वहीत रकाने आखले गेले: रोपाचं नाव, लावल्याची तारीख, मेल्याची तारीख, मरणाचं कारण. रोप अजून रोपवाटिकेत होतं आणि इकडे त्याच्या तेराव्याची सोय झाली होती.

त्यांना हवा होता गुलाब प्रदर्शनातला चांदीचा कप. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बढत्यांचे कागद पुढे सरकवलेल्या माणसाला एकदा तरी स्वतःचं नाव माइकवरून ऐकायचं होतं, आणि यात हसण्यासारखं काही नाही. हसण्यासारखं एवढंच, की कपासाठी त्यांनी शोकेसचा मधला कप्पा पहिल्याच वर्षी रिकामा करवला. तिथली पत्नी मंदाकिनीबाईंच्या माहेरची चिनी मातीची बरणी माळ्यावर गेली.

सल्ला त्यांनी सगळ्यांचा घेतला. रोपवाटिकावाल्याचा घेतला, शेती कॉलेजातल्या प्रोफेसरांचा घेतला, पलीकडच्या गल्लीतल्या निवृत्त कर्नलांचा तर चहा पाजून घेतला. राहिला फक्त गेनबा. हा गेनबा म्हणजे दर रविवारी खड्डे खणायला येणारा माळी. सोसायटीने जमीन घेण्याआधी हे सगळं रान त्याच्या बापाचं होतं, पण परचुऱ्यांच्या लेखी ती बाब खरेदीखतावर सही झाली तेव्हाच संपली होती. शेतकऱ्याला जोंधळा कळतो, गुलाब हा अभ्यासाचा विषय आहे, असं ते म्हणत.

पहिल्याच रविवारी गेनबाची पहार जमिनीवर आपटून खणखणली. तो थांबला, घाम पुसला आणि म्हणाला, "साहेब, हितं..."

"गेनबा," परचुरे वहीतून मान वर न करता म्हणाले, "खड्डा अडीच फूट. बोलणं शून्य फूट."

गेनबा शहाणा माणूस. त्यानंतर बारा वर्षं त्याने खड्डे बरोबर अडीच फुटांचे खणले आणि बोलणं बरोबर सांगितल्या मापाचं केलं.

गुलाब मात्र मरत राहिले. पोयटा आणला, शेणखत घातलं, हाडांचा चुरा आणून घरात ओकाऱ्या येईपर्यंत वास सोसला. रोपं दिवाळीपर्यंत तरारत आणि पुढच्या पावसाळ्यात मुळाशी कुजून माना टाकत. वहीत कारणं चढत गेली: रोपवाटिकेचा हलगर्जीपणा, खडकवासल्याच्या पाण्यातला दोष, शेजाऱ्यांच्या आंब्याची सावली. आंबा तेव्हा गुडघ्याएवढा होता. स्वतःचं अंगण सोडून सगळं पुणे त्या वहीत दोषी ठरलं. बारा वर्षांत एकेचाळीस रोपं गेली.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, मोरीचा पाइप तुंबला म्हणून परचुरे स्वयंपाकघरामागे गेले. बंगला बांधल्यापासून तिकडे जाण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. तिथे छातीइतक्या उंच झाडावर एक गर्द लाल गुलाब उमलत होता. असा गुलाब त्यांनी फक्त पुस्तकात पाहिला होता.

मंदाकिनीबाईंनी पदराला हात पुसत सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी परचुऱ्यांनीच मेलं म्हणून फेकलेलं हे रोप. नखाने खरवडलं तर आत हिरवं दिसलं, म्हणून इथे खोचलं आणि रोज तांदळाचं धुवण घातलं.

"आणि माती?" परचुऱ्यांनी वाकून बुंध्याशी बोट खुपसलं.

"इथे गेनबाच्या घरचा उकिरडा होता. पुढच्या अंगणात त्यांचं खळं. पिढ्यान् पिढ्या चोपून चोपून मळणी केलेली जमीन, खाली पाणी मुरतच नाही. तुमच्या खड्ड्यांत ते साचून राहतं."

"तुला हे कुणी सांगितलं?"

"गेनबाने. मी विचारलं होतं."

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. इथेही फिटले असते, पण परचुऱ्यांनी फिटू दिले तर ना. पहाटे त्यांनी फूल कापलं आणि प्रदर्शनाच्या फॉर्मवर सुवाच्य अक्षरात लिहिलं: जोपासना, श. वि. परचुरे. मंदाकिनीबाईंनी ते पाहिलं आणि चहात साखर घातली.

फुलाला पहिलं बक्षीस मिळालं. माइकवरून नाव पुकारलं गेलं. परचुरे व्यासपीठावर चढले. विजेत्याने जोपासनेविषयी दोन शब्द बोलायचे असा रिवाज होता, आणि परचुऱ्यांचं भाषण बारा वर्षांपासून पाठ होतं. पण परीक्षकांनी मध्येच साधा प्रश्न केला, माती कुठली वापरलीत? परचुऱ्यांनी तिसऱ्या रांगेत पाहिलं. मंदाकिनीबाई पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांची कसली अपेक्षाच नव्हती.

"माती आमच्या गेनबाची," परचुरे म्हणाले. "झाड हिचं. मी फक्त फूल तोडलं."

जोपासना करणाऱ्याखेरीज दुसऱ्याच्या नावाची प्रवेशिका बाद, असा नियम होता. कप दुसऱ्या आलेल्या कर्नलांना गेला. नियमावर बोट ठेवून आयुष्य काढलेल्या परचुऱ्यांनी खाली मान घालून तो मान्य केला. घरी आल्यावर त्यांनी स्टूल लावून माळ्यावरची बरणी काढली, पुसली आणि मधल्या कप्प्यात ठेवली.

रविवारी गेनबा पहार घेऊन आला. परचुऱ्यांनी त्याला व्हरांड्यात बसवलं, बशीसकट कपातून चहा दिला आणि विचारलं, "तू पहिल्या दिवशी काय सांगणार होतास?"

गेनबाने चहा संपवला. "त्येच, साहेब. हितं खळं हाय म्हून." कपबशी खाली ठेवत तो म्हणाला, "पर तुमी अडीच फूट म्हनलात."

तो गेल्यावर परचुऱ्यांनी वही उघडली. रोपवाटिका, खडकवासला, आंबा, सगळ्यांवर पट्टी धरून रेघ मारली आणि एकेचाळीस नोंदींपुढे शेवटच्या रकान्यात एकेक करून लिहिलं: विचारले नाही.