कानाजवळ वाकवलेला बाण

भाऊजी,

बोलून सांगायचं तर ओरडावं लागेल आणि सगळी गल्ली ऐकेल, म्हणून लिहितेय. तुम्ही माझे धाकटे दीर, तेव्हा चार शब्द सुनावायचा हक्क मला आहे. नेहमीसारखं शेवटच्या ओळीपासून वाचायला लागू नका.

एकवीस वर्षं तुम्ही तिरंदाजीच्या मैदानावर लोकांचे बाण तपासताय. पत्र्याच्या शेडखाली टेबल, वर दिवा, शेजारी कापसाची पुडी. प्रत्येक बाण तुम्ही दिव्याखाली फिरवून बघता, मागची खाच नखानं चाचपता आणि मग दोन्ही टोकं धरून कानाजवळ हलकेच वाकवता. बाणाच्या कार्बनच्या नळीला चीर असली की बारीक करकर होते. तसा बाण सोडला तर दोरीच्या धक्क्यानं तिथेच फुटतो आणि सुईसारखे तुकडे धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. तुम्ही ते पाहिलंय. एका शिक्षिकेचा रक्ताळलेला हात धरून तुम्ही दवाखान्यापर्यंत गेलात आणि दोन दिवस तुमच्या घशाखाली घास उतरला नाही. हे काम तुम्ही मागून घेतलंत ते त्यानंतर. लोक तुम्हाला शिस्तीचा माणूस म्हणतात. शिस्त कसली? तुम्ही भित्रे आहात, आणि त्या भीतीमुळेच इतक्यांचे हात शाबूत राहिले.

दोन वर्षांपूर्वीची ती सकाळ मी विसरलेले नाही. स्पर्धा सुरू झालेली. माझी नात नेहमीप्रमाणे उशिरा उगवली आणि "आजोबा, पटकन हं!" म्हणत तिनं बाण टेबलावर ओतले. तिसरा बाण तुम्ही वाकवलात. तिचा खेळ बघायला आलेली मी तुमच्या शेजारी बसले होते; मला करकर स्पष्ट ऐकू आली. तुम्ही तो चांगल्या बाणांत ठेवलात.

"भाऊजी, वाजला तो."

"काहीतरीच काय, वहिनी. तुमचे कान वाजले असतील."

"माझे कान तुमच्यासारखे गवत उगवलेले नाहीत. कापूस आणा इकडे."

चिरेत कापसाचा तंतू अडकतो, पण कापूस तुम्ही फक्त संशय आला तरच काढायचात. बाकी सगळी भिस्त कानावर. मी नळीवरून कापूस ओढला. तंतू अडकला. तुमचा चेहरा पांढराफटक पडला. सकाळपासून दोनेकशे बाण तुम्ही त्याच कानानं पास केले होते, आणि ते समोर सुटत होते.

तुम्ही धावत सुटलात. "थांबा! धनुष्यं खाली!"

"अहो, डोकं फिरलंय का?" पंच ओरडले.

"काकांना ऊन लागलं वाटतं," कोणीतरी हसलं.

तुम्ही सगळे बाण परत मागवलेत. आणखी दोन बाणांवर कापूस अडकला.

घरी आल्यावर तुम्ही माझ्या हातात चिठ्ठी दिलीत. 'मला नीट ऐकू येत नाही. या कामावर दुसरं माणूस नेमा.'

"सेक्रेटरींना द्या, वहिनी. माझ्या तोंडून निघणार नाही."

मी हो म्हटलं आणि दिली नाही. तुमचा उतरलेला चेहरा बघवेना. त्याऐवजी दर रविवारी तुमच्या शेजारी बसायला लागले. तुम्ही वाकवायचं, मी ऐकायचं, वाजला की टेबलाखालून लाथ. लोकांना वाटलं, म्हातारीला खेळाचा नाद लागला. चिठ्ठीचं काय झालं, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. सुटल्यासारखं वाटलं असणार. मलाही वाटलं.

गेल्या रविवारी नातीचा एक बाण तुम्ही वाकवलात. मला काही ऐकू आलं नाही. तुम्ही तो चांगल्या बाणांत ठेवलात आणि मी निव्वळ चाळा म्हणून त्यावरून कापूस फिरवला. तंतू अडकला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी पर्समध्ये काहीतरी शोधत बसले. घरी आले तर भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येईना; वाटलं, बंद पडलं. सेल बदलायला स्टुलावर चढले. घड्याळ चालू होतं.

उद्या स्पर्धा आहे. साठ जण येणार, त्यात आपली नात. आज मी तुमची चिठ्ठी घेऊन दोनदा मैदानावरच्या ऑफिसात गेले. पहिल्यांदा सेक्रेटरी जेवायला गेले होते. दुसऱ्यांदा समोरच बसले होते.

"या आजी, काय काम काढलंत?"

मी पाणी मागितलं. प्यायले, आणि चिठ्ठी पर्समध्ये तशीच घेऊन परत आले.