साडीचं दुसरं टोक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मिस्टरांना नाही, मुलांना नाही. रविवारी विहारात चहा पिताना ज्या बायकांशी मी जगातलं सगळं बोलते, त्यांना तर नाहीच. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला मी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ऐकवते, इतकी मी बोलकी. पण हे नाही. लिहायला बसले, कारण लिहिताना समोरच्याचं तोंड दिसत नाही. माझं मराठी घरातलंच आहे, तेव्हा कुठे चुकलं तर चालवून घ्या.

मी लहान असताना आम्ही इंग्लंडात, लीड्समध्ये बॅक-टू-बॅक घरांच्या गल्लीत राहायचो. म्हणजे घराला मागचा दरवाजाच नाही — आपली मागची भिंत तीच मागच्या गल्लीतल्या घराची. अंगण नाही, परस नाही. मग धुणं वाळवायचं कुठे? रस्त्यावर. दोन्ही बाजूंच्या भिंतींत हूक होते, आणि सोमवार हा अख्ख्या गल्लीचा धुण्याचा दिवस. बायका या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधायच्या. कोळशाची गाडी आली की बाहेर धावायच्या, लांब काठ्यांनी दोऱ्या वर उचलून धरायच्या, आणि गाडी चादरींखालून निघून जायची.

बाबा फाउंड्रीत, आई घरी. आईला इंग्रजी येत नव्हतं. मला शाळेत गेल्यावर वर्षभरात यायला लागलं. दुकान, डॉक्टर, शेजार — सगळीकडे आईच्या वतीने बोलायची ती मी. आठ-नऊ वर्षांची असेन.

आमच्या दोरीचं दुसरं टोक समोरच्या डोरीनच्या भिंतीत होतं. डोरीन म्हणजे मोठ्या हातांची, सदा ॲप्रनमध्ये, मोठ्याने हसणारी. आईची साडी उघडली की पार रस्ताभर व्हायची, एकटीने वाळत घालायला गेलं तर ओली साडी जमिनीला लागायची. एका सोमवारी डोरीन आपणहून आली, साडीचं टोक खांद्यावर टाकलं आणि पलीकडे चालत गेली. मग दर सोमवारी तेच. वाळली की दोघी घडी घालायच्या — लांब उभ्या राहून, मग एकेक पाऊल जवळ येत, शेवटी बोटांना बोटं लागेपर्यंत. एकीचा शब्द दुसरीला कळत नव्हता. हसायच्या मात्र खूप. कशाला हसायच्या? मला अजून माहीत नाही.

आता हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला नुसतं पोरकट वाटेल. आई नागपूरकडच्या खेड्यातली. तिथल्या विहिरीवर तिला दोराला हात लावू देत नसत. वरच्या आळीतली कुणी आली आणि तिच्या मनात आलं, तर ती वरून पाणी ओतायची. "हात लावू नको, आमच्यात चालत नाही" — हे वाक्य आई आम्हाला सांगायची, पोळ्या लाटता लाटता, आवाज न बदलता. आणि मग म्हणायची, "अन् पाह्य, ही गोरी बाई माही ओली साडी खांद्यावर घेते."

म्हणजे मला सगळं माहीत होतं. लहान होते, पण माहीत होतं.

त्या उन्हाळ्यात गल्लीतली पोरं आईच्या साडीखालून पळायची. एकदा पांढरी साडी वाळत होती. एक पोरगा म्हणाला, "एवढं बँडेज कुणाला रे? यांच्या घरी हत्ती आजारी आहे काय?" सगळे हसले. डोरीनची सूझन पण हसली, आणि सूझन माझी मैत्रीण. मी पण हसले — काय करणार? पण मला ती साडी रस्त्यावरच्या दोरीवरून खाली हवी होती. कायमची. बाकी काही नको होतं मला.

आणि पुढच्या सोमवारी आईला ताप होता. धुऊन पिळून बादली दारात ठेवली आणि ती आत जरा टेकली. डोरीन आली. तिकडे आईला मम म्हणतात, आणि पोरांना लव्ह. "मम कुठंय गं, लव्ह? झोपू दे तिला. आण इकडे, मी टाकते."

मी दारात उभी राहिले. म्हटलं, ममने सांगितलंय, आमच्या कपड्यांना तुम्ही हात लावू नका. आमच्यात चालत नाही.

कुठून आणलं मी ते? तुम्हाला कळलंच असेल कुठून.

डोरीन रागावली नाही. तिने हात ॲप्रनला पुसले — कोरडेच होते. "बरं झालं सांगितलंस. मला काय माहीत, लव्ह? ममला सॉरी म्हणाले म्हणून सांग."

आतून आईने विचारलं, "काय म्हणून राहिली होती वं डोरीन?" मी म्हटलं, तिला आता वेळ नसतो म्हणाली. तिचा हूकही तिला लागतो म्हणाली.

झालं. एवढंच. दोन्हीकडची भाषा माझ्याच तोंडात, खोटं पकडणार कोण?

साड्या घरात जिन्याच्या कठड्यावर वाळायला लागल्या. पण ते सोडा. डोरीन मनाने चांगली, तिने गल्लीतल्या बायकांना सांगितलं असणार — त्यांच्या धर्माचं आहे, जपा. आणि त्या जपायला लागल्या. आई फुटपाथवरून आली की आदराने बाजूला व्हायच्या. दुकानदारीण सुटे पैसे हातात न देता काउंटरवर ठेवायची, आणि वर गोड हसायची. आईला ते हसणं दिसलंच नाही. तिला बाजूला होणं दिसलं. ते तिला चांगलं ओळखीचं होतं.

एका संध्याकाळी ती बाबांना म्हणाली, "आपण कोण आहो, हे यायले कोणी सांगतलं असन?" बाबा म्हणाले, "इथं कोणाले काय समजते, तुह्या मनाचे खेळ." मी तिथेच गृहपाठ करत होते. वर पाहिलं नाही.

पुढे कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, ती घरं पाडायला काढली. डोरीनचं सामान गेलं त्या दिवशी तिने रस्त्यापलीकडून हात हलवला. आई खिडकीशी होती. तिने पडदा सोडला. त्यानंतर आईने या देशात कुणाशी मैत्री केली नाही. चाळीसहून जास्त वर्षं इथे राहिली ती. मी आजी झाले तरी नाही बोलले. का? रोज जरा जास्त उशीर झालेला असायचा, एवढंच.

शेवटच्या वर्षी आई माझ्याकडे होती. एका दुपारी, कशावरून कोण जाणे, म्हणाली, "तुले तर सारं समजत होतं, बाई. डोरीन काही बोलली होती काय वं? कोणी सांगतलं तिले?"

सरळ मलाच विचारलं. खोलीत आम्ही दोघीच. आणि डोरीनचा पत्ता शोधणं तेव्हा काही अवघड नव्हतं, सूझन फेसबुकवर होती.

मी म्हटलं, "इतकं जुनं कुठे आठवतं मला, आई."

तिने मान हलवली. "होय. तू लहान होती," म्हणाली, आणि कुशीवर वळली. मला हायसं वाटलं. लहानपणीचं तर तुम्हाला सांगितलंच. पण त्या दुपारी मी लहान नव्हते, आणि मला हायसं वाटलं.