तीन खाचांचा रेझर

शनिवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मी सासऱ्यांचा रेझर भंगारवाल्याला देऊन टाकला. तिथून जे सुरू झालं ते अजून संपलेलं नाही. आमच्या लालबागच्या चाळीत एक गोष्ट घडली की पिंपाला शेवाळ धरावं तसे तिला किस्से धरतात. मी सातवी शिकलेली, लिहायची सवय नाही. पण जिन्यात तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून लिहिते.

झालं काय, तर माझी दीड वर्षाची ओवी कॉटखालून एक पत्र्याचा डबा ओढून बसली होती. हातात जुन्या ब्लेडचं पाकीट! ती हाताला लागेल ते आधी तोंडात घालते. मी ते हिसकावून घेतलं. खाली भंगारवाला ओरडत होता. मी पाकीट डब्यात कोंबलं, आत आणखी काय आहे ते बघितलंसुद्धा नाही, डबा तसाच दिला आणि बदल्यात प्लास्टिकचा मग घेतला.

अकराला गावाहून अण्णांचा, म्हणजे सासऱ्यांचा फोन.

"माझो रेझर थयच रवलो गो, पत्र्याच्या डब्यात. नीट ठेव. हयलो न्हावी गालाची वाट लावता. सोमवारी येतंय."

गिरणीत लागल्यापासून तोच रेझर! मी मगाकडे बघत म्हटलं, "हो अण्णा."

*

आमचे हे भंगारवाल्याकडे जाऊन आले. डबा पुढे गेला होता. म्हणाले, "तसाच दुसरा आणू. अण्णांना आता दिसतंय किती!"

रविवारी ओवीला कडेवर घेऊन जुन्या बाजारात गेलो. तिथे कळलं, की रोज डोळ्यांसमोर असलेला रेझर कसा होता ते दोघांनाही सांगता येत नाही. हे म्हणाले, "पितळी." मी म्हटलं, "चंदेरी." एवढंच नक्की होतं, की बूड फिरवलं की वरची दोन झाकणं कपाटाच्या दारांसारखी उघडायची.

दुकानदाराने तसे सहा काढले. "सब अंग्रेज के टाइम का, भाभी."

मी विचारलं, "आत ब्लेड नाही ना?"

"सब लोग साल पूछते हैं," तो म्हणाला, "आप पहली हो जो ब्लेड पूछती हो!"

एकाचा दांडा ह्यांच्या हातात बरोबर बसला. बुडाची कड जरा चेपलेली होती, पण तोच घेतला.

*

घरी आल्यावर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कोणाकोणाच्या गालाला लागलेला असेल! कुकरमध्ये पाणी घातलं, रेझर टाकला, तीन शिट्ट्या काढल्या. ह्यांनी वरण असेल म्हणून झाकण उघडलं. आत बघितलं. चमच्याने रेझर जरा हलवला आणि म्हणाले,

"शिजलाय. वाढू का?"

*

मग ह्यांनी जुन्या रेझरवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला. मोबाईलवर अशीही माणसं असतात! एकाने लिहिलं, "झाकणाखालच्या पट्टीवर अक्षर आणि आकडा शोधा. अक्षरावरून साल कळतं."

पट्टीवर साबण दगड होऊन बसलेला, तीन शिट्ट्यांनाही न सुटलेला. मी दात घासायच्या ब्रशने घासून घासून काढला. अक्षर दिसलं, आकडा दिसला. ग्रुपवर साल ठरलं. अण्णा गिरणीत लागले त्याच्या आसपासचंच! आम्ही खूश. फक्त एकाने खाली लिहिलं, "बूड चेपलंय, कलेक्शनला बाद. आणि दांड्यावर त्या तीन खाचा कसल्या?"

ब्रश कोणाचा होता, ते मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

*

खाचांचं विचारायला आम्ही समोरच्या पास्कल अंकलकडे गेलो. ते अण्णांच्याच गिरणीत फिटर होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, रेझर डोळ्याजवळ नेला आणि हसायलाच लागले.

"बाय, ह्या तर माझ्या कानशीच्या खाचा!"

अण्णा लग्नाआधी पंधरा जणांच्या खोलीत राहायचे. सगळ्यांनी एकाच दुकानातून एकसारखे रेझर आणलेले. रोज अदलाबदल, रोज भांडणं. शेवटी ठरलं, भिंतीला ज्याची ट्रंक जितक्या नंबरवर, तितक्या खाचा त्याच्या रेझरवर. कापून द्यायचं काम अंकलकडे.

"पंधरावा बिचारा," अंकल म्हणाले, "त्याचा दांडा करवत झाला!"

"मग अण्णांच्या किती?"

"दोन."

मी खाचा पुन्हा मोजल्या. तीनच. हे म्हणाले, "एक बुजवून टाकू."

"बुजव," अंकल म्हणाले. "अण्णाच्या अंगठ्याला काय सांगशील?"

"आणि हा तिसरा कोण?"

"मला काय ठाऊक? मी माझ्या घरी झोपायचो!"

*

सोमवारी अण्णा आले. त्यांनी बॅग खाली ठेवायच्या आत मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. ब्लेड, ओवी, डबा, मग, सगळं. अण्णांनी आधी ओवीची बोटं बघितली, तोंड उघडून बघितलं. "खय लागूक नाय मा गो तुका?"

मग रेझर हातात घेतला. बघितला नाहीच, नुसता अंगठा फिरवला. एक, दोन, तीन. अंगठा बुडाच्या चेपलेल्या कडेवर आला आणि थांबला.

"ह्यो तर आमच्या दाजीचो! हेच्या बुडान तो सुपारी फोडायचो. कितीदा सांगितलंय, आयकूक नाय!"

दाजीची ट्रंक अण्णांच्या शेजारची. गिरणी बंद पडली तेव्हा तो गावाला गेला, परत आला नाही. राजापूरकडचा, एवढंच अण्णांना आठवतं. नाव? सगळे दाजीच म्हणायचे.

संध्याकाळी ह्यांनी त्यांच्यासमोर तो रेझर, नवं ब्लेड आणि गरम पाणी ठेवलं. अण्णांनी पाणी बाजूला सारलं.

"मालकाक इचारल्याबिगर दुसऱ्याचो रेझर गालाक लावचो नाय. खोलीचो नियम."

ह्यांनी प्लास्टिकचा नवा आणला. तो अण्णांनी माझ्या त्या मगात उभा करून ठेवलाय.

तीन आठवडे झाले. दाजीचा रेझर देव्हाऱ्याच्या वर आहे, ओवीचा हात पोचत नाही तिथे. अण्णांची दाढी छातीकडे निघालीय आणि टोचते म्हणून ओवी पापी देत नाही. म्हणून वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते, पुढे चार जणांना सांगा. तुमच्या घरात, शेजारात राजापूरकडचे, पूर्वी गिरणीत असलेले, हाताला येईल त्याने सुपारी फोडणारे कोणी दाजी असतील, तर त्यांना म्हणावं, तुमचा रेझर लालबागला नीट आहे, आणि दोन नंबरची ट्रंक विचारतेय, "वापरू काय?"