बोकडाचा सातबारा

हे बघा, सांगते मी सगळं, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. ठसका लागला तर मी जबाबदार नाही! एवढी मोठी बाई मी, धाराशिवात ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवते, पोरं मला बघून व्हरांडा बदलतात. आणि मीच आपल्या हातानं आपली अशी शोभा करून घेतली की काय सांगू!

सुरुवात झाली टीव्हीपासून. एका दुपारी पेपर तपासायचा कंटाळा आला म्हणून सहज चॅनल बदलत बसले होते. एक कार्टूनचा चॅनल आहे, तिथं जुनी जुनी कार्टून परत दाखवतात. आणि अचानक काय बघते? बोकड! दाढीवाला, कोट घातलेला, हातात छडी घेतलेला आमचा बोकड! आणि समोर ती पांढरी बदकीण, मान लांब करून किंचाळणारी!

अहो, माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कार्टून बघून रडणारी बाई तुम्ही कधी बघितली नसेल. पण तुम्हाला काय माहीत, तो बोकड माझा कोण लागतो ते!

आमचं गाव तेरच्या जवळ. मी पाचवीत असताना गल्लीत पहिला रंगीत टीव्ही आला तो आमच्या आप्पांकडं. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. घरात त्यांचा शब्द शेवटचा. केबलवाल्यानं लिंबाच्या झाडावरून वायर ओढली, आणि संध्याकाळी पाच वाजता त्या डब्यात बोकड आणि बदकीण अवतरले. पण भाषा? चक्क इंग्रजी! तेव्हा कुठलं हिंदी न् कुठलं काय.

सगळी गल्ली अंगणात बसलेली. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "मंगल, तुला साळंत विंग्रजी हाय न्हवं? काय म्हनतोय त्यो बोकड?"

आता पाचवीत आमची एबीसीडी नुकती सुरू झालेली. मला 'कॅट' आणि 'बॅट' एवढंच येत होतं, आणि पडद्यावर दोन्ही नव्हते. पण सगळी गल्ली माझ्या तोंडाकडं बघतेय म्हटल्यावर मी काय गप्प बसणार? मी बिनधास्त म्हटलं, "बोकड म्हणतोय, तू माझा बांध कोरलास!"

झालं! आप्पा सरसावून बसले. त्यांचं स्वतःचं त्या वर्षी बांधावरून भांडण चाललेलं. "आरं तिच्या! तिथंबी हेच? मग बदक काय म्हनतंय?"

"बदकीण म्हणतेय, मोजणी आणा!"

त्या दिवसापासून रोज पाच वाजता बोकडाच्या जमिनीचा खटला चालू. बोकड एक कागद समोर धरायचा, त्यावर आडव्या रेघा. मी सांगितलं, सातबारा! तो एका मोठ्या काळ्या टेबलावर दोन्ही हात आपटायचा. मी सांगितलं, तहसीलचं टेबल, साहेब शिक्के मारतोय! रशीदचाचा म्हणजे शेजारचे शिंपी, आप्पांचे जिगरी दोस्त, त्यांनी एकदा विचारलं, "बेटी, टेबल में से गाना कैसा निकलरा?" मी म्हटलं, "चाचा, विलायतेत टेबलं तशीच असतात." चाचांनी मान डोलावली. आता विलायत कुणी बघितलीय!

काय दिवस होते ते! अंगणात पाणी मारलेलं, चुलीवरच्या भाकरीचा वास, बायका शेंगा फोडत बसलेल्या, आणि मी टीव्हीशेजारी पाटावर, वकिलासारखी. लाईट गेली तरी माणसं उठायची नाहीत. मला विचारायची, "मंगल, फुडं काय झालं असंल गं?" आणि मी अंधारातच पुढची तारीख सांगून टाकायचे. एवढ्या मानानं माझं नंतर कुणी ऐकलं नाही, खरं सांगते, माझ्या नवऱ्यानंसुद्धा नाही.

पण गंमत इथं संपत नाही. मी दहावी झाले तेव्हा घरात स्थळ आलं. वडील तयार, मामा तयार. आप्पा एकटे आडवे आले. "पोरीला विंग्रजी येतंय. पाचवीत असताना आख्ख्या गल्लीला समजावून सांगितलंय तिनं. तिला कालेजात घालायचं, लगीन मागनं बघू." थोरल्या भावापुढं माझे वडील काय बोलणार? मी शिकले, एम.ए. झाले, नोकरीला लागले. म्हणजे माझा संसार, माझा पगार, सगळं त्या बोकडाच्या सातबाऱ्यावर उभं आहे! आणि ते खोटं आहे हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. आप्पांना तर नाहीच नाही. त्यांना कळलं तर त्यांचं मन मोडेल, ही भीती मला आजतागायत होती.

तर त्या दुपारी मी पहिल्यांदा ते कार्टून समजून घेऊन बघितलं. बोकड होता गाण्याचा मास्तर. बदकीण त्याची शिष्या. कागदावर सूर लिहिलेले आणि टेबल म्हणजे पियानो. बांधाचा कुठं पत्ता नाही! मी एकटीच सोफ्यावर लोळून हसले.

आणि हसता हसता केली की चूक! लावला आप्पांना फोन.

"आप्पा, आपला बोकड परत लागलाय टीव्हीवर!"

 पलीकडून आप्पांचा थरथरता आवाज, "निकाल लागला का गं बांधाचा?"

बघा आता! ऐंशीच्या घरातला माणूस, आणि इतकी वर्षं बोकडाच्या निकालाची वाट बघतोय! मला इतकं भरून आलं की म्हटलं, "रविवारी येते. सोबत बघू. मी सांगते निकाल." मनात म्हटलं, बोकडाच्या बाजूनं निकाल देऊन टाकू, म्हातारा खूश होईल. इंग्रजी कार्टून आहे, गल्लीत कुणाला कळतंय?

रविवारी एसटीनं गावी गेले, तर दारात चपलांचा ढीग! आप्पांनी सगळ्या गल्लीला आवतण दिलेलं. स्वतः कडक इस्त्रीची टोपी घालून पुढं बसलेले, शेजारी खुर्चीवर रशीदचाचा. शोभावहिनींनी, म्हणजे आप्पांच्या सूनबाईंनी, घमेलंभर चुरमुऱ्यांचा सुशीला केलेला. आणि टीव्हीशेजारी काय? पाट! मला बसायला!

"बस," आप्पा म्हणाले. "कर सुरू."

बसले. वहिनींनी चॅनल लावला. बोकड आला, गल्लीत टाळ्या पडल्या. बोकडानं तोंड उघडलं आणि म्हणाला, "अरे ओ बतखरानी, जरा सुर में गाओ!"

हिंदी! आमच्या घरी टीव्हीची भाषा इंग्रजीवर होती, इथल्या डब्यात हिंदी!  मराठवाड्यात हिंदी कुणाला कळत नाही हो? आमच्या म्हशीलासुद्धा कळतं!

रशीदचाचा पुढं वाकले. "सुर? ये तो गाना सिखारा. बांध कां हय?"

आप्पा माझ्याकडं बघायला लागले. आणि मी, शहाणी, काय बोलले असेन? "चाचा, हिंदीवाल्यांनी चुकीचं भाषांतर केलंय!"

"आसं?" आप्पा खवळले. "गरिबाच्या बांधाचं गाणं केलं व्हय? शोभा, बंद कर ती हिंदी!"

"थांबा मामंजी," वहिनी म्हणाल्या, "ह्यात भाषा बदलायचं बटन हाय." आणि दाबलं की हो बटण! बोकड फाडफाड इंग्रजी बोलायला लागला. चाळीस डोळे माझ्यावर.

"आता सांग मंगल," आप्पा म्हणाले. "खरं काय ते."

'खरं' म्हणाले हो. आणि इतक्या विश्वासानं बघत होते! माझ्या तोंडातून बांध निघेना आणि सातबाराही निघेना. "अं... तो म्हणतोय... म्हणजे त्याला असं म्हणायचंय..."  शेवटी पाटावरून उठले आणि आप्पांचे पाय धरले.

"आप्पा, मला माफ करा. मला तेव्हा इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं. बांध, मोजणी, सातबारा, सगळं मी मनानं जोडलं. तुम्ही माझ्यासाठी घरात भांडलात, आणि मी तुम्हाला फसवलं."

  आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. मला वाटलं, आता उठून आत जातील आणि परत माझ्याशी बोलणार नाहीत.

"रशीद," ते हळूच म्हणाले, "बघितलंस का रं? पाचवीत कशी घडाघडा सांगायची. एका जागी अडली न्हाय."

"हौ ना," चाचा हळहळले. "उस टैम पे क्या बोलती थी! वकील के सरीकी!"

"आन् आता? अं... अं... करतीया. कालेजात घातली तिथंच चुकलं. व्हती तेवढीबी विंग्रजी गेली पोरीची."

"आप्पा!" मी ओरडले. "अहो, मी वीस वर्षं इंग्रजी शिकवते!"

"त्येच म्हनतो मी. शिकवून शिकवून सपली."

आख्ख्या गल्लीनं माना हलवल्या. वहिनींनी माझ्या हातात सुशीलाची ताटली दिली, आजारी माणसाला देतात तशी. मी दोन-तीन वेळा समजावून बघितलं, पण आपल्याला तेव्हा येत नव्हतं हे पटवून देता देता मी आणखीनच अडखळायला लागले!

संध्याकाळी एसटीपर्यंत सोडायला आप्पा काठी टेकत स्वतः आले. गाडी लागली तसं त्यांनी माझा हात घट्ट धरला, इकडं तिकडं बघितलं आणि कानाशी येऊन म्हणाले, "घाबरू नगंस, मंगल. म्या सगळ्यांस्नी दम भरलाय. तुला विंग्रजी येत न्हाय, ही गोष्ट गल्लीच्या भाईर जानार न्हाय. तू निर्धास्त नोकरी कर."