फैलाव सांग

कुणी नुसती सरासरी सांगितली की जोशी मॅडम भुवया चढवून विचारायच्या, "आन् फैलाव?" राजापेठेत एका मेडिकलच्या वर त्यांचा डेटाबेसचा क्लास होता. खाली हॉर्न वाजले की त्यांचा आवाज चढायचा. घराणं भिक्षुकांचं, घरची भाषा पुस्तकी, पण आम्हा खेड्यांतल्या पोरांशी त्या वऱ्हाडीच बोलायच्या.

मी बार्शीटाकळीचा. घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. सुरुवातीला मागच्या बाकावर बसायचो. बाबा भाजीपाला पिकवतात म्हटल्यावर त्यांनी वांग्यांच्या रोजच्या तोड्याचे आकडे मागवले. मी एका ओळीची क्वेरी लिहून सरासरी काढली आणि मोठ्या अभिमानाने दाखवली.

"म्हंजे तुह्या वावरात रोज सारखेच वांगे निघतात? मायले विचार, एका दिवशी टोपले पुरत नाहीत, दुसऱ्या दिवशी तळ झाकत नाही. सरासरी गोड बोलते बाप्पा! तिच्यापासून कोण किती दूर उभं हाये, ते फैलाव सांगते."

इंग्रजीतल्या व्हेरिअन्सला पुस्तकात प्रचरण म्हणतात. मला तो शब्द अजूनही परका वाटतो.

यंदा मॅडमची किडनी बिघडली. अकोल्याला त्यांच्या भावाच्या घराजवळच्या दवाखान्यात त्यांना ठेवलं. रक्तातले आकडे स्थिर राहिले तर आमच्या परीक्षेआधी क्लास घेता येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. मॅडमचा सगळा जीव त्यातच होता. दर रविवारी मी जाऊन तपासण्यांचे आकडे लॅपटॉपमध्ये भरायचो.

"सरासरी चांगली आहे, ताई," भाऊ म्हणायचे.

"तू थांब. गजू, फैलाव सांग."

फैलाव वाढत चालला होता. माझ्याने ते बोलवेना. 'व्हार पॉप' हे फंक्शन लावलं की उत्तर जरासं लहान येतं, म्हणून मी तेच लावून सांगितलं. मॅडमनी मान वळवून स्क्रीन पाहिली.

"काहून रे? हे तं सारे आकडे येऊन झाल्यावर लावतात. मले आत्ताच संपवतं का?"

त्या हसल्या.

"नमुन्याचं लाव. व्हार सॅम्प."

लावलं. त्यांनी आकडा वाचला.

"पोरायले सांग, माही वाट पाहू नका. आन् तू रडू नको. खरं समजलं तं माणूस तयारी करते. राहिलेला भाग काढ."

उशीला टेकून त्या शिकवू लागल्या. मध्ये दम लागायचा, पाणी पिऊन पुन्हा सुरू. दोन टेबलं जोडायची क्वेरी सांगता सांगता त्यांचा डोळा लागला. पुढची ओळ सांगतील म्हणून मी लॅपटॉप मांडीवर घेऊन थांबलो. शेवटी भावांनीच मला स्टँडवर सोडलं.

पुढच्या रविवारच्या आधीच मॅडम गेल्या.

राहिलेला भाग बॅचला मी शिकवला. अडखळत, त्यांनी जिथवर सांगितला होता तिथवर.