फायरवॉल मी बंद केली होती

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.

लालबागला आमच्या चाळीच्या मंडळाचा कॉम्प्युटर मी सांभाळायचे. गणपतीत अर्धी चाळ कोकणात गावी जाते आणि तिथून त्यांना इथली आरतीही बघायची असते — फोनवर, लाइव्ह. त्या संध्याकाळी फायरवॉल आमचा लाइव्हचा प्रोग्राम अडवू लागली. फायरवॉल म्हणजे मंडपाच्या दाराशी उभा असलेला कार्यकर्ताच. इंटरनेटवरून आत कोण येतंय, बाहेर काय जातंय ते बघायचं, अनोळखी दिसलं की अडवायचं. अशा वेळी त्या एका प्रोग्रामपुरती परवानगी द्यायची असते. मला येत नव्हतं का? येत होतं. पण टाळ सुरू झाले होते, गावाहून फोनवर फोन येत होते — मी अख्खी फायरवॉलच बंद केली. नंतर चालू करू म्हटलं. केली नाही.

विसर्जनानंतर एका सकाळी मंडळाचं ऑफिस उघडलं, तर स्क्रीनवरचा बाण आपोआप फिरत होता. माउसला कोणाचाच हात नव्हता. इंटरनेटवरून कोणीतरी आत शिरलं होतं — आणि मला बघत असल्यासारखं वाटलं. मी इंटरनेटची वायर उपटली. उशीर झाला होता, सगळ्या फायलींना त्याने कुलूप घातलं होतं, एकही उघडेना. जुने फोटो गेले. चाळीतल्या विष्णूकाकांच्या बायकोने म्हटलेल्या आरतीचं रेकॉर्डिंगही गेलं. काकी वारल्या होत्या, त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

आणि मी काय केलं? कमिटी यायच्या आत फायरवॉल परत चालू केली. मग म्हणाले, काकांच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला असेल. आदल्या दिवशी भजनं लावायला त्यांनी तो जोडला होता. सगळ्यांना पटलं. काका भांडले नाहीत, फक्त मला विचारलं, "बाय, माझ्यामुळेच गेलां ना सगळां?"

मी हो म्हटलं.

एवढंच नाही. कोणीतरी म्हणालं, जाणकाराला दाखवू, फायली सोडवता येतील. कोणी, कधी, काय बंद केलं याच्या खुणा आत राहतात. मी घाईघाईने तो कॉम्प्युटर भंगारात देऊन टाकला. काकींचा आवाज कदाचित परत मिळाला असता. मीच तो मिळू दिला नाही.

यंदा आरतीला मी काकांपुढे माइक धरला. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. "नको गो बाय, माझो हात लागलो तर बिघडतलां."

मी माइक दुसऱ्याकडे दिला.