रिव्हर्स कॅमेरा आणि आबांची खाट

नवी गाडी घेतली त्या दिवसापासून मी मान वळवणं सोडून दिलं. मागे कॅमेरा, पुढे स्क्रीन. मान कशाला झिजवायची?

गेल्या हिवाळ्यात आम्ही आमच्या लेकीच्या, मानसीच्या, होणाऱ्या सासरी, कुरवंड्याला, पहिल्यांदाच जेवायला गेलो. मुलगा ओंकार चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. घरात शेवटचा शब्द त्याच्या आजोबांचा, आबांचा. तो शब्द अजून निघाला नव्हता. "आदी जेवा, मंग बोलू," एवढंच म्हणाले, आणि जेवून कुठंतरी पडायला निघून गेले. (बायकोनं, सुलभानं, मला कमी बोलायची ताकीद दिली होती. ती मी पाळली. घोळ न बोलताच घातला.)

तेवढ्यात ओंकार आला. "काका, गल्लीत ट्रॅक्टर यायचाय. गाडी अंगणात मागे घ्याल? मी मागे उभा राहतो."

"छे! कॅमेरा आहे ना!"

तो बिचारा ट्रॅक्टर थांबवायला गेला. पेढ्यांचा डबा गाडीतच राहिला होता, म्हणून सुलभाही येऊन बसली. मी रिव्हर्स टाकला. स्क्रीनवर ताकात बुडवल्यासारखं अंगण आणि मधोमध एक काळपट ढीग.

"अहो, ते काय आहे?"

"पोतं असेल."

"हललं ते!"

"चित्र हलतंय."

गाडी टीं-टीं करू लागली. "गवताची काडी दिसली तरी ओरडते," मी समजावलं. टीं-टीं-टींऽऽ... आणि धप्प!

पोतं उठून बसलं! घोंगडी बाजूला झाली आणि आतून आबा निघाले!

"कोन हाय रं तिकडं?"

मी उतरलो. खाट दोन हात सरकली होती. आबा मात्र धडधाकट. सगळं घर दारात जमलं. मानसीचा चेहरा बघवेना. लग्न मोडलं, हे मी मनातल्या मनात सुलभाला सांगूनही टाकलं.

"आबा, लागलं का हो? चूक कॅमेऱ्याची! हे बघा, माझ्या फोनमध्ये भाकरीवरचे तीळसुद्धा मोजता येतात. आणि या एवढ्या मोठ्या गाडीत तुम्ही दिसत नाही!"

"काका," ओंकार शांतपणे म्हणाला, "फोन खिशात राहतो. हा बाहेर लटकून ऊन, पाऊस, चिखल खातो, आणि वर्षानुवर्षं टिकावा लागतो. गाडीत काय बसवायचं हे गाडी येण्याच्या कितीतरी आधी ठरतं, तोवर फोन पुढे गेलेले असतात. शिवाय त्याला फोटो काढायचा नसतो. मागे काहीतरी आहे, एवढं लगेच दाखवलं की झालं."

"दाखवलं होतं त्यानं," सुलभा म्हणाली.

ओंकारनं रुमालानं भिंग पुसलं. रुमाल मातीनं लालभडक. मी ते गाडी घेतल्यापासून एकदाही पुसलं नव्हतं.

आबा खाटेवरच बसून इकडंतिकडं बघत होते. "उनात पडलो व्हतो," ते म्हणाले. "पाव्हण्यांनी सावलीत आनलं. मानूस लय काळजीचा दिसतोय. आना पेढं!"

लग्न थाटात झालं. आता मी कुरवंड्याला गाडी लांब लावून चालत जातो. तरीही मी दिसलो की आबा खाट उचलून घरात नेतात.